विद्येचा पंक्तिप्रपंच

विद्या विकावी कीं द्यावी, हा प्रश्न आमच्या समाजांत फार जुना आहे. आणि जुन्या प्रश्नांचें एक वैशिष्ट्य असें कीं, प्रत्येक नव्या व्यवसायाबरोबर ते नवा वेष घेऊन पुन्हां आमच्या दारीं उभे राहतात. वैद्यानें औषधाचे पैसे घ्यावे काय, शास्त्र्यानें पाठशाळेंत वेतन स्वीकारावें काय, वकिलानें अडलेल्या पक्षकाराकडून किती फी घ्यावी, ह्या प्रश्नांचा खल आमच्या आज्या-पणज्यांनीं आपापल्या परीनें केला. आज त्याच आसनावर एक नवा गृहस्थ येऊन बसला आहे. तो सॉफ्टवेअरचा सल्लागार होय. ह्या वर्गांतील बहुतेक लोक सल्ला देऊन व त्याचें मोल घेऊन स्वस्थ असतात, व त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्यांपैकीं थोडे लोक सल्ला देतां देतां शिकवूं लागतात, आणि शिकवितां शिकवितां ग्रंथ लिहूं लागतात. अशा त्रिविध आयुष्यक्रमाचें नैतिक मोल काय, आणि त्यांतील कोणत्या भागानें विद्येचें ऋण खरोखर फिटतें, ह्याचा विचार येथें करावा असा आमचा मानस आहे.

हा विचार करतांना एक गांव डोळ्यांपुढें ठेवणें आम्हांस इष्ट वाटतें. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांत हिवरा नांवाचें गांव आहे. शुकदास महाराजांनीं तेथें विवेकानंद आश्रम स्थापन केला, आणि आश्रमाचें नांव गांवाच्या नांवास असें चिकटलें कीं, आज लोक त्यास हिवरा आश्रम म्हणूनच ओळखतात. महाराज २०१७ सालीं निवर्तले. परंतु शाळा, सेवाकार्य आणि दरवर्षींचा विवेकानंद-जयंतीचा उत्सव ही परंपरा मागें राहिली. त्या उत्सवांतील महाप्रसादाची ख्याति साऱ्या वऱ्हाडांत आहे. मोकळ्या शेतांत लाखांच्या घरांत माणसें ओळी धरून बसतात, पुऱ्या व वांग्याची भाजी ट्रॅक्टरांवर घालून ओळींमधून फिरविली जाते, आणि स्वयंसेवक वाढीत जातात. पहिल्या ओळींतल्यास जें मिळतें, तेंच शेवटच्या ओळींतल्यास मिळतें. एकाच पंक्तीला बसवून एकास तुपाची धार आणि दुसऱ्यास कोरडें वरण वाढणें ह्यास आम्ही पंक्तिप्रपंच म्हणतों, व तो गृहस्थधर्मांतील मोठा दोष मानतों. अन्नाच्या बाबतींत जो दोष आम्हांस इतक्या सहज दिसतो, तो विद्येच्या बाबतींत कां दिसूं नये, हा आमचा प्रश्न आहे.

आधीं ह्या नव्या व्यवसायाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रास उद्देशून लिहिलेला तपशीलवार हुकूमनामा. यंत्रास तर्क नाहीं, भीड नाहीं, आणि न सांगितलेलें समजून घेण्याची शक्तिही नाहीं. म्हणून जें माणसास चार शब्दांत सांगतां येतें, तें यंत्रास चारशें ओळींत सांगावें लागतें. एखाद्या सहकारी पतसंस्थेचेंच उदाहरण घेऊं. व्याज कोणत्या तारखेपासून धरावयाचें, हप्ता चुकल्यास दंड मुद्दलावर कीं थकलेल्या रकमेवर, वर्षाचे दिवस ३६५ धरावयाचे कीं ३६६, हें सर्व जुन्या कारकुनाच्या अंगवळणीं पडलेलें असतें. पण तें कोठें लिहिलेलें असतेंच असें नाहीं. सल्लागाराचें काम येथें सुरू होतें. तो कारकुनापाशीं बसतो, त्याच्या डोक्यांतला नियम बाहेर काढतो, दोन नियमांतला विरोध दाखवितो, आणि मग हुकूम कसा लिहावा हें ठरवितो. तेव्हां त्याची विद्या केवळ यंत्राची नव्हे. दुसऱ्याच्या कामांतलें मर्म ओळखण्याची ती विद्या आहे. ती कष्टानें येते, आणि तिचें मोल मागणारा मनुष्य लोभी आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं.

मात्र हें मोल कशावर ठरतें, तें पाहण्यासारखें आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस घडलेली गोष्ट पुष्कळ वाचकांस आठवत असेल. संगणकांत जागेची टंचाई होती त्या काळांत, जागा वांचविण्यासाठीं सनाचे शेवटचे दोनच आंकडे लिहिण्याची पद्धत पडली होती. २००० साल जवळ येऊं लागलें, तसें शून्य-शून्य म्हणजे १९०० कीं २०००, हें यंत्रास कळणार नाहीं, अशी भीति जगभर उत्पन्न झाली. जुन्या आज्ञावली उघडून तारखा दुरुस्त करणाऱ्यांस एकाएकीं मोठी मागणी आली, आणि त्या मागणीवर हिंदुस्थानांतील अनेक कंपन्या भरभराटीस चढल्या. परंतु २००० च्या जानेवारीचा पहिला दिवस उलटून गेला, आणि त्या विशिष्ट विद्येचें मोल जवळजवळ नाहींसें झालें. विद्या तीच, ती जाणणारे तेच. गेली ती केवळ गरज व दुर्मिळता. ह्यावरून बाजार विद्येची किंमत करीत नाहीं, विद्येच्या टंचाईची किंमत करितो, हें उघड होतें. हें सूत्र लक्षांत ठेवून आम्ही पुढें जाऊं.

पैसे घेतल्यानें विद्या विटाळते काय, ह्याविषयीं आमच्या परंपरेंत दोन्हीं बाजूंचे विचार आढळतात. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाच्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त ह्या दोन नाट्याचार्यांची स्पर्धा आहे. केवळ पोटासाठीं विद्या बाळगणाऱ्याला व्यापाऱ्यांच्या पंक्तीस बसविण्याचा विचार तेथें येतो. आणि स्वतःची कला व ती दुसऱ्याच्या ठिकाणीं उतरविण्याची हातोटी हे दोन निरनिराळे गुण आहेत, हा विचारही तेथेंच येतो. लक्षांत घेण्याची गोष्ट अशी कीं, हे दोन्हीं आचार्य राजाश्रयावर जगणारे आहेत; वेतनाबद्दल त्यांस कोणी दोष देत नाहीं. दोष आहे तो 'केवळ' ह्या शब्दांत. अर्वाचीन महाराष्ट्रांतही हा वाद एकदां फार तीव्रतेनें झाला. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनीं अल्प वेतनावर शिकविण्याचें व्रत घेतलें. पुढें ह्या सदस्यांनीं संस्थेबाहेर काम करून मिळविलेला पैसा त्यांचा स्वतःचा कीं संस्थेचा, आणि संस्थेबाहेरच्या कामांत त्यांनीं वेळ घालवावा कीं नाहीं, ह्यावर मोठा मतभेद झाला. टिळकांचा पक्ष अनन्य त्यागाचा होता. अखेर १८९० सालीं त्यांनीं संस्था सोडली. दुसऱ्या पक्षांतील गोखल्यांनीं अंकगणिताचें पाठ्यपुस्तक लिहिलें, व तें शाळांतून रूढ झालें. आज इतक्या वर्षांनीं पाहतां, त्यागाचें व्रतही थोर वाटतें आणि तें पुस्तकही निरर्थक वाटत नाहीं. एक कडक नियम करून हा प्रश्न सुटत नाहीं, एवढें तरी त्या भांडणानें सिद्ध झालें.

आमचें मत असें आहे कीं, फुकट देणें आणि बिनखर्चानें देणें ह्या दोन गोष्टींची गल्लत होऊं देतां कामा नये. हिवरा आश्रमाच्या शेतांत पंक्तीला बसलेल्या मनुष्यास पुरी फुकट मिळते. परंतु तिचा गहूं कोणी तरी पिकविलेला असतो, तेल कोणी तरी विकत आणलेलें असतें, आणि कढईपुढें कोणी तरी रात्रभर उभा राहिलेला असतो. कोठाराशिवाय पंक्ति नाहीं. त्याचप्रमाणें ज्या सल्लागारानें व्यवसायांत पैसा मिळविला, त्याच्या घरची चूल त्या पैशानें पेटते, आणि म्हणूनच वर्षभर खपून लिहिलेल्या पुस्तकावर पोट अवलंबून ठेवण्याची पाळी त्याजवर येत नाहीं. मराठींत गंभीर विषयावर पुस्तक लिहून संसार चालविणें किती कठीण आहे, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. तेव्हां फी हें कोठार होय. दोष कोठार भरण्यांत नाहीं. दोष कोठार भरल्यावर पानें न मांडण्यांत आहे.

येथपर्यंत कोणी फारसा विरोध करील असें वाटत नाहीं. परंतु आतां ज्या अडचणीकडे आम्ही वळत आहों ती अधिक खोल आहे, आणि तीच ह्या प्रश्नाचें मर्म आहे. सल्लागार आणि शिक्षक हे दोन धंदे बाहेरून सख्खे भाऊ दिसतात. पण त्यांचे स्वार्थ परस्परविरुद्ध आहेत. सल्लागाराचें मोल तो दुर्मिळ असण्यांत आहे, तर शिक्षकाचें यश तो अनावश्यक होण्यांत आहे. ज्या पतसंस्थेस सल्लागारानें सर्व कांहीं उलगडून सांगितलें, ती पुढच्या वर्षीं त्यास बोलावणार नाहीं. आणि ज्या विद्यार्थ्यास पुढच्या वर्षींही गुरुजींवांचून एक गणित सुटत नाहीं, त्यास गुरुजींनीं शिकविलें असें म्हणतां येणार नाहीं. म्हणून एकाच मनुष्यानें हे दोन्हीं धंदे प्रामाणिकपणें करावयाचे म्हणजे एका हातानें गांठ मारावयाची आणि दुसऱ्या हातानें ती सोडावयाची, असा प्रकार होतो. सल्लागाराच्या मनांत हा मोह सदैव वसत असतो कीं, दहांतील नऊ गोष्टी सांगाव्या व दहावी आपल्याजवळ ठेवावी. जुन्या वैद्यांनीं मात्रेची कृति मुलासही मरतांना सांगितली, नाहीं तर ती बरोबर नेली, अशा कथा आम्ही ऐकतों, आणि त्या वैद्यांस हंसतों. पण तोच मोह आज उत्तम पोशाख करून, इंग्रजींत बोलून, कार्यालयांत बसलेला असतो. ह्या मोहावर ज्यानें मात केली त्याचेंच शिकविणें खरें.

आतां प्रत्यक्ष उदाहरणांकडे वळूं. ह्या त्रिविध आयुष्यक्रमाचें महाराष्ट्रांतील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे श्री. अच्युत गोडबोले यांचें होय. त्यांचा जन्म १९५० सालीं झाला, बालपण सोलापुरांत गेलें. मुंबईच्या आय. आय. टी. मधून १९७२ सालीं ते रसायन-अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. तारुण्यांत शहादे भागांतील आदिवासींच्या चळवळींत ते सामील झाले व त्यापायीं त्यांनीं थोडा तुरुंगवासही भोगला. ती हकीगत त्यांच्या 'मुसाफिर' ह्या आत्मचरित्रांत आहे. पुढें संगणकाच्या व्यवसायांत शिरून पटनी, सिंटेल, एल. अँड टी. इन्फोटेक ह्यांसारख्या कंपन्यांत त्यांनीं जबाबदारीचीं पदें भूषविलीं, व सल्लागार म्हणूनही काम केलें. संगणकाच्या अंतर्व्यवस्थेवर आणि संदेशवहनाच्या जाळ्यांवर त्यांचीं इंग्रजी पाठ्यपुस्तकें आहेत. परंतु ज्यामुळें त्यांचें नांव घरोघर झालें, तीं पुस्तकें मराठींत आहेत: संगणकावर 'संगणकयुग', शास्त्रज्ञांवर 'किमयागार', अर्थशास्त्रावर 'अर्थात', मानसशास्त्रावर 'मनात', श्री. अतुल कहाते यांच्यासह लिहिलेलें 'बोर्डरूम', आणि सुलभा पिशवीकर यांच्यासह संगीतावर लिहिलेलें 'नादवेध'. ह्या यादींत एक गोष्ट सहज ध्यानांत येते. त्यांची जी विद्या बाजारांत सर्वांत महाग विकली जात होती, तेवढीच त्यांनीं वाटली असें नाहीं. स्वतः ज्या विषयांत ते विद्यार्थी म्हणून शिरले, तेथें जें सांपडलें तेंही त्यांनीं मागून येणाऱ्यांपुढें ठेवलें. सल्लागाराचा गुण, म्हणजे दुसऱ्याच्या क्षेत्रांत जाऊन त्यांतला नियम सोप्या शब्दांत बाहेर काढणें, येथें ग्रंथकाराच्या उपयोगीं पडला.

दुसरें उदाहरण विदर्भांतलेंच आहे. नागपूरचे श्री. यशवंत कानेटकर यांनीं संगणकाची 'सी' ही भाषा शिकविण्यासाठीं 'लेट अस सी' हें पुस्तक लिहिलें. ती भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडविली होती, आणि १९७८ सालीं त्यांनींच ब्रायन कर्निगहॅन यांच्यासह तिच्यावर ग्रंथ लिहून ती सर्वांस मोकळी केली होती. पण तो ग्रंथ जाणत्यांसाठीं होता. त्याच्या एका ओळींत जें मावे तें समजण्यास नवख्यास आठवडा लागे. कानेटकरांनीं नवख्याची पायरी ओळखली. इंग्रजी सोपें, उदाहरणें लहान, आणि विद्यार्थी नेमका कोठें अडखळतो ह्याची वर्गांत मिळालेली जाण, ह्यांमुळें तें पुस्तक देशभर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हातीं गेलें व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. नागपुरांत शिकविणाऱ्याचा वर्ग असा देशाएवढा झाला. मोठ्या शहराबाहेर बसून विद्या वाढतां येते, ह्याचा हा चांगला पुरावा आहे.

तिसरें नांव डॉ. विजय भटकर यांचें. अकोला जिल्ह्यांतील मुरंबा ह्या खेड्यांत १९४६ सालीं त्यांचा जन्म झाला. अमेरिकेनें महासंगणक देण्यास हरकत घेतली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि भटकरांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं 'परम' हा महासंगणक तयार झाला. राष्ट्राराष्ट्रांतही पंक्तिप्रपंच असतो, आणि पंक्तींतून उठविलेल्यानें रुसून न बसतां आपली चूल मांडावी लागते, हा धडा त्यांत आहे. परंतु आम्हांस त्याहूनही महत्त्वाची वाटते ती त्याच संस्थेंत पुढें चाललेली, देशी लिप्या संगणकावर आणण्याची खटपट. महासंगणक थोड्यांच्या कामाचा; पण देवनागरी अक्षर पडद्यावर उमटलें, तेव्हां हिवऱ्याच्या विद्यार्थ्यासही त्या यंत्राशीं आपल्या भाषेंत दोन शब्द बोलण्याची सोय झाली.

ह्यावरून आम्ही भाषेच्या प्रश्नाशीं येतों. येथें एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, "संगणकाची विद्या मराठींत वाढून काय उपयोग? नोकरी इंग्रजीनें मिळते. मराठी पुस्तक हातीं देऊन खेड्यांतल्या मुलाची तुम्ही फसवणूकच करितां." ह्या आक्षेपांतील सत्य आम्ही नाकारीत नाहीं. इंग्रजीवांचून ह्या व्यवसायांत वर चढतां येत नाहीं, व तें मुलांपासून लपविणें हा अपराध होईल. पण समजणें आणि नोकरी मिळणें ह्यांत समजणें आधीं येतें. ज्याची कल्पना मातृभाषेंत स्पष्ट झाली, तो इंग्रजी शब्द पाठ करण्यास फार वेळ लावीत नाहीं. ज्यानें शब्द पाठ केले आणि कल्पनेस स्पर्शच केला नाहीं, त्याचें इंग्रजी पहिल्याच मुलाखतींत उघडें पडतें. आमच्या पूर्वजांनीं हें ओळखलें होतें. बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेंत गणित शिकवीत, आणि त्यांनीं १८३२ सालीं काढलेलें 'दर्पण' मराठी व इंग्रजी अशा दोन्हीं भाषांत निघे. एका भाषेचा त्याग करून दुसरी धरावी असें त्यांस वाटलें नाहीं. केरूनाना छत्रे यांनीं १८६० च्या सुमारास 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध केलीं. पाश्चात्त्य ज्योतिषाचें अवघड गणित त्यांनीं मराठी कोष्टकांत असें बसविलें कीं, मूळ ग्रंथ न वाचलेल्यासही ग्रहांचीं स्थानें काढतां यावीं. विचार केला तर तेंही एक प्रकारचें सॉफ्टवेअरच होतें: जाणत्याची गणना न जाणत्याच्या हातीं सोपविण्याची युक्ति. आणि नानांनीं ती युक्ति कुलुपांत ठेविली नाहीं.

ग्रंथकाराचा मार्ग मात्र सर्वथा निर्दोष आहे असें कोणी समजूं नये. अनेक विषयांवर लिहिणाऱ्याजवळ विस्तार येतो, तशी उथळपणाची भीतिही येते. आणि ज्या वाचकाजवळ दुसरें पुस्तक नाहीं, त्यास एकच चूक आयुष्यभर खरी वाटूं शकते. शहरांतल्या वाचकाजवळ ताडून पाहण्याचीं साधनें असतात. शेवटच्या ओळींत बसलेल्याजवळ तीं नसतात. म्हणून त्याच्या पानांत शिळें वाढणें हा अधिक मोठा दोष होय. संगणकाचें शास्त्र तर इतकें झपाट्यानें बदलतें कीं, दहा वर्षांपूर्वींचें पुस्तक तसेंच छापीत राहणें म्हणजे आंबलेलें अन्न वाढणें आहे. अमेरिकेंतील डोनाल्ड नूथ ह्या प्राध्यापकानें संगणकगणनेच्या कलेवर जो बहुखंडी ग्रंथ लिहावयास घेतला, त्याचा पहिला खंड १९६८ सालीं निघाला. ग्रंथांत चूक दाखविणाऱ्या वाचकास २ डॉलर ५६ सेंट देण्याचा प्रघात त्यानें पाडला. रक्कम क्षुल्लक आहे. पण तिच्यांतील वृत्ति क्षुल्लक नाहीं. सल्लागाराची चूक त्याचा ग्राहक दुसऱ्या दिवशीं दाखवितो, कारण ग्राहकाचा पैसा बुडतो. पुस्तकाच्या वाचकाचा आयुष्यक्रम बुडाला तरी तो लेखकाच्या दारीं येत नाहीं. म्हणूनच लेखकानें आपण होऊन त्याच्या दारीं गेलें पाहिजे: आवृत्ति सुधारली पाहिजे, आणि आपल्या ज्ञानाची हद्द जेथें संपते तेथें तसें स्पष्ट लिहिलें पाहिजे.

येथें कोणी विचारील कीं, आतां ह्या सर्व चर्चेचें प्रयोजन तरी काय उरलें? २०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी हें यंत्र लोकांपुढें आलें, आणि तेव्हांपासून प्रश्न विचारावा व यंत्रानें उत्तर द्यावें, आज्ञावलीही त्यानेंच लिहून द्यावी, असा काळ आला आहे. उत्तरांची टंचाई सरली. मग सल्लागार, शिक्षक व ग्रंथकार हे तिघेही एकदमच निकालांत निघाले नाहींत काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मात्र तिघांवर होणारा परिणाम सारखा नाहीं. ज्या सल्लागाराचें मोल केवळ दडविलेल्या दहाव्या गोष्टींत होतें, त्याचें आसन खरोखरच डळमळलें आहे, आणि त्याबद्दल आम्हांस फारसें दुःख नाहीं. परंतु उत्तर मिळणें आणि तें उत्तर खरें कीं खोटें हें ओळखतां येणें, ह्यांत जें अंतर आहे तेंच शिक्षणाचें क्षेत्र होय. हीं यंत्रें चुकीचें उत्तरही तितक्याच ठाम भाषेंत देतात. ज्यानें चांगल्या शिक्षकापाशीं बसून चार गणितें स्वतः सोडविलीं, त्यास ती चूक दिसेल. ज्यानें सोडविलीं नाहींत, त्यास दिसणार नाहीं. म्हणजे जुना पंक्तिप्रपंच मिटला असें वाटतांना नवा सुरू होतो: एका ओळींत पारखून घेणारे, दुसऱ्या ओळींत मिळेल तें गिळणारे. पारख ही शिकवावी लागते, आणि ती शिकविण्यास माणूस लागतो.

शेवटीं ऋणाची गोष्ट. आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्याच्या माथीं तीन ऋणें मानिलीं, आणि त्यांतील ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें सांगितलें. अर्वाचीन काळांत ह्या ऋणास एक रोखठोक अर्थ आला आहे. देशांतील मोठ्या अभियांत्रिकी संस्था सरकारी खजिन्यांतून उभ्या राहिल्या; मुंबईची आय. आय. टी. १९५८ सालीं निघाली, तेव्हां तिच्या भिंतींसाठीं खजिन्यांत पडलेल्या पैशांत वऱ्हाडांतल्या कापूस पिकविणाऱ्याच्या काडीपेटीवरचा करही होता. ज्याच्या घरचा मुलगा त्या भिंतींच्या आंत कधीं गेला नाहीं, त्यानेंही त्या विद्येसाठीं वर्गणी भरली आहे. स्वामी विवेकानंदांनीं १८९४ सालीं अमेरिकेंतून मद्रासच्या आळसिंगा ह्या आपल्या शिष्यास लिहिलेल्या पत्रांत, गरिबांच्या पैशावर शिकून त्यांस विसरणाऱ्यांविषयीं फार कठोर शब्द वापरले आहेत. ज्या गांवीं त्यांच्या नांवाचा आश्रम आहे, त्या गांवच्या शाळेंत बसलेल्या मुलास त्या पत्राचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको. तो त्या पत्रांतला धनको आहे.

ह्या धनकोचें देणें कसें फेडावें, ह्याबद्दल आम्ही कोणावर एकच व्रत लादूं इच्छीत नाहीं. सर्वांनीं नोकऱ्या सोडून खेड्यांत जावें असा उपदेश करणें सोपें आहे, आणि तो करणारे बहुधा स्वतः शहरांत राहतात. आमचें म्हणणें त्याहून लहान व म्हणूनच अधिक अडचणीचें आहे. सल्लागारानें सल्ल्याचें मोल खुशाल घ्यावें. परंतु ग्राहकास आपल्यावांचून चालतां येईल इतकें शहाणें करून सोडावें. शिक्षकानें समोरच्या बांकावरच्यांस शिकवावें. परंतु जे वर्गापर्यंत पोंचूंच शकले नाहींत त्यांच्यासाठीं जें शिकविलें तें लिहून ठेवावें. आणि ग्रंथकारानें लिहितांना, ज्याच्याजवळ हें एकच पुस्तक आहे, विचारावयास जवळ कोणी नाहीं, आणि चुकल्यास सांवरण्यास पैसा नाहीं, असा वाचक मनांत धरावा. पहिल्या ओळींतल्या वाचकास त्यामुळें कांहीं कमी पडणार नाहीं. स्पष्ट लिहिल्यानें विद्वानाचें नुकसान झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

समृद्धि महामार्ग मेहकर तालुक्यांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाला, आणि त्या वाटेनें ह्या भागांतलीं हुशार मुलें पूर्वींपेक्षां लवकर शहरांत पोंचतील, ह्यांत शंका नाहीं. मुलांनीं जावें, त्यांस अडविण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु रस्त्यास दोन दिशा असतात. एका दिशेनें जशी बुद्धि जाते, तशी दुसऱ्या दिशेनें विद्या आली नाहीं, तर तो रस्ता कितीही रुंद असला तरी एकाच पंक्तीकडे नेणारा ठरेल. विद्येचें जेवण इतकें विपुल आहे कीं, कितीही पानें मांडलीं तरी तें आटत नाहीं. वाढणाऱ्याचा हात तेवढा पहिल्या ओळीशींच थांबूं नये.